विनोदाची साक्ष कोणी द्यायची?

साशंक : वासू परांजप्यांबद्दल तुम्ही इतकं सांगितलंय भाऊ, की मला त्यांचे किस्से पाठ झाले. पण किस्से बाजूला ठेवले तर हातात काय उरतं? मुंबई आणि बडोद्याकडून २९ प्रथम श्रेणी सामने, ७८५ धावा. कसोटी एकही नाही. खेळाडू म्हणून सोडून द्या, प्रशिक्षक म्हणून पाहू. फलंदाजाच्या पायांविषयी, मनगटांविषयी त्यांच्या नावाने ओळखली जाणारी एखादी पद्धत मी तरी ऐकली नाही. लोक सांगतात ते एवढंच, की माणूस मोठा गमत्या होता, गप्पांना बसला की उठू द्यायचा नाही, आणि सुनील गावसकरला ‘सनी’ हे नाव त्यानेच दिलं. माणूस म्हणून मला तो आवडेल, चहाला बोलवीन. पण मी यवतमाळात पीटी शिकवतो. माझ्याकडे घाटंजी-राळेगावकडची, वसतिगृहात राहणारी पोरं आहेत. चेंडू ऑफ स्टंपच्या बाहेर पडला की सोडायचा कसा, हे त्यांना शिकायचंय. दादरच्या कट्ट्यावरची गंमत त्यांच्या कोणत्या कामाची?

चाहता : तुम्ही हिशेब फक्त धावांचा मांडलात. त्या माणसाची जागा कुठे होती ते पाहा. दादर युनियन हा माटुंग्याच्या दडकर मैदानावरचा क्लब आणि वासू त्याचा कर्णधार. त्या क्लबात गावसकर होता, पुढे वेंगसरकर आला. समोर शिवाजी पार्क जिमखान्यासारखा कट्टर प्रतिस्पर्धी. त्यात कांगा लीग, म्हणजे १९४८पासून भर पावसाळ्यात खेळली जाणारी स्पर्धा. ओली खेळपट्टी, गुडघाभर गवत, चेंडू कधी उसळेल आणि कधी बसेल सांगता येत नाही. अशा खेळपट्टीवर पुस्तकातलं तंत्र अर्ध्यावर साथ सोडतं. मग उरतं ते डोकं, म्हणजे भीती, हट्ट, लाज, खुन्नस. फलंदाज आधी तिथे बाद होतो, स्टंप नंतर पडतात. तिथपर्यंत पोचायला शब्दच लागतात. क्रिकेट हा थांबून थांबून खेळायचा खेळ आहे सर, दोन चेंडूंच्या मध्ये विचार करायला भरपूर वेळ असतो. त्या वेळात पोराच्या कानात कोणता आवाज घुमतो, हे ठरवणारा माणूस म्हणजे प्रशिक्षक. वासूंचा आवाज हसरा होता, एवढाच फरक.

साशंक : तर मग न बोलणाऱ्याचं काय? रमाकांत आचरेकर बघा. तेही फार मोठे खेळाडू नव्हते, प्रथम श्रेणीचा एकच सामना, स्टेट बँकेकडून मोईनुद्दौला स्पर्धेतला. पण हाताखालून निघालेली नावं घ्या : तेंडुलकर, कांबळी, अमरे, चंद्रकांत पंडित, आगरकर, रमेश पोवार. १९९०मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार, २०१०मध्ये पद्मश्री. आणि १६ नोव्हेंबर २०१३ला वानखेडेवर निरोप घेताना सचिन काय म्हणाला? की गेल्या २९ वर्षांत सर मला एकदाही ‘छान खेळलास’ म्हणाले नाहीत, कारण पोरगा सुस्तावेल अशी त्यांना काळजी. एक बोलबोल बोलणारा, दुसरा कौतुकाचा शब्द न काढणारा, आणि दोघांच्याही भोवती मोठे खेळाडू. यातून मी एवढंच काढतो की बोलणं किंवा न बोलणं गौण आहे. दादर-माटुंगा-शिवाजी पार्कच्या त्या दोन-चार किलोमीटरच्या पट्ट्यात गुणवत्ता इतकी दाट होती, की तिच्याजवळ जो उभा राहिला तो गुरू झाला.

चाहता : आचरेकर सर कमी बोलायचे, हे खरं. पण त्यांना विनोद नव्हता, असं कसं म्हणता? स्टंपवर ठेवलेला एक रुपया आठवा. दिवसभर खेळून थकलेल्या सचिनला शेवटी नेटमध्ये उभं करायचं आणि स्टंपवर नाणं ठेवायचं. जो बाद करील त्याचा रुपया, कोणीच बाद केलं नाही तर सचिनचा. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. थकलेल्या मुलाला चिकाटीवर भाषण देता आलं असतं, पण सरांनी एका रुपयाचा खेळ मांडला. गोलंदाजांनाही ईर्ष्या चढली, फलंदाजालाही. मोठी गोष्ट क्षुल्लक करून पोराच्या हातात द्यायची, म्हणजे त्याला तिची भीती वाटत नाही. मी याला विनोदबुद्धी म्हणतो. वासूंनी ती जिभेने वापरली, आचरेकरांनी नाण्याने. भाषा वेगळी, कारागिरी एकच.

साशंक : नाण्याची गोष्ट सांगितलीत, थपडेची नाही सांगितलीत. शाळेच्या संघाचा अंतिम सामना बघायला म्हणून सचिन आपला सराव सामना सोडून वानखेडेवर गेला. सरांनी गाठलं, थोबाडीत दिली आणि सुनावलं : दुसऱ्यांसाठी टाळ्या वाजवायला येऊ नकोस, असं खेळ की लोक तुझ्यासाठी वाजवतील. आज ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. का? कारण तो मुलगा पुढे तेंडुलकर झाला. तीच थप्पड पुढे रणजीच्या उंबरठ्यावरून परत फिरलेल्या एखाद्याने खाल्ली असेल, तर तिची गोष्ट कोणी ऐकली? विनोदाचंही तसंच. वासूंवर २०२०मध्ये ‘क्रिकेट द्रोण’ पुस्तक आलं, त्यांचा मुलगा जतीन आणि पत्रकार आनंद वासू यांनी केलेलं. त्यात आठवणी सांगणारे बहुतेक भारताकडून खेळलेले. ज्यांना तो विनोद लागला, बोचला, त्यांना कोणी विचारलं का? ही साक्ष एकतर्फी आहे भाऊ. जिंकलेल्यांनीच दिलेली.

चाहता : एकतर्फी आहे, मान्य. पण एकतर्फी साक्ष खोटीच असते असं नाही. गावसकर काही कोणाच्याही गळ्यात पडणारा माणूस नव्हे. ३० ऑगस्ट २०२१ला वासू गेले तेव्हा बोलणारे लोक तीन-तीन पिढ्यांचे होते. तीन पिढ्यांशी आदेशाच्या बळावर नातं टिकत नाही, त्यासाठी माणसाला प्रत्येक पिढीची चेष्टा करता यावी लागते आणि स्वतःची होऊ द्यावी लागते. इंदूरचं शिबिर आठवतं? पंधरा वर्षांखालच्या मुलांचं, वासूंच्या देखरेखीखालचं. दुपारी सचिन झोपलेला असताना गांगुली, जतीन परांजपे आणि केदार गोडबोले यांनी त्याच्या खोलीत पाणी सोडलं. जागा झाला तर सामान तरंगतंय! मला त्यात शिबिराची हवा दिसते. जिथे पोरं धाकाने गोठलेली असतात तिथे असल्या खोड्या सुचत नाहीत.

साशंक : ज्याचं सामान तरंगत होतं, त्याला कशी वाटली असेल हवा? हसू नका, मी मुद्द्याचं बोलतोय. सचिन आज हसून सांगतो, कारण त्याच्याकडे हसण्याइतकं यश आहे. माझ्यासमोरचं एक उदाहरण देतो. आमच्या भागातला एक मुलगा, कोलाम आदिवासींच्या पोडावरचा, म्हणजे वस्तीवरचा. फेक अशी की सीमारेषेवरून थेट यष्टिरक्षकाच्या हातात. एका निवड चाचणीत तो बिनबुटांचा आला. तिथल्या प्रशिक्षकाने सगळ्यांसमोर त्याच्या पायांवरून एक नाव ठेवलं. मनात वाईट काही नसावं, सगळे हसले, मुलगाही हसला. आठ दिवसांत ते नाव शाळेपर्यंत पोचलं आणि मुलगा मैदानावर यायचा बंद झाला. ‘सनी’ हेही मैदानावर ठेवलेलंच नाव आणि हेही. एकाचं आयुष्यभराचं बिरुद झालं, दुसऱ्याला मैदान सोडावं लागलं. माझ्या मते विनोद पाण्यासारखा उताराकडे वाहतो. वरच्याने केला तर गंमत, खालच्याने केला तर उद्धटपणा. प्रशिक्षकाच्या हातात संघनिवड असते. त्याच्या विनोदाला न हसण्याची सोय मुलाला कुठे असते?

चाहता : या मुलाबद्दल मी वाद घालणार नाही. तो विनोदच नव्हता, असं म्हणून पळवाट काढणंही सोपं आहे, पण सगळे हसले म्हणजे विनोद होताच. मग मला विनोदांत फरक करावा लागेल. एक विनोद मुलाकडे बघून सुचतो, दुसरा प्रेक्षकांकडे बघून. तुमच्या त्या प्रशिक्षकाने त्या पोराची फेक पाहिलीच नाही, पाय पाहिले, कारण पाय सगळ्यांना दिसत होते. गावसकरला ‘सनी’ म्हणणाऱ्याने नाव ठेवलं ते रोज सोबत खेळणाऱ्याला, आणि तो उलट बोलू शकेल अशा जवळिकीत. मग माझी कसोटी अशी : मुलगा उलट चेष्टा करू शकतो का? करू शकत असेल तर विनोद, नसेल तर ती नुसती सत्ता.

साशंक : कसोटी चांगली आहे, पण ती लावणार कोण? प्रत्येक विनोदी प्रशिक्षकाला मनापासून वाटतं की त्याची पोरं मोकळी आहेत. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये, म्हणजे त्यांच्या त्या हेल्मेट घालून खेळायच्या फुटबॉलमध्ये, माइक लीच नावाचा प्रशिक्षक होता. २०२२च्या डिसेंबरात ६१व्या वर्षी वारला. स्वतः महाविद्यालयीन संघाकडून कधी खेळला नाही, शिक्षण वकिलीचं. पत्रकारांनी सामन्याबद्दल विचारावं आणि त्याने समुद्री चाच्यांवर नाहीतर लग्नाच्या तयारीवर बोलत सुटावं. अपाची सरदार जेरोनिमोवर त्याने पुस्तक लिहिलं. तुम्हाला हवा तसा माणूस. आणि काम अस्सल : सतत चेंडू फेकत राहणारी ‘एअर रेड’ ही आक्रमणाची पद्धत त्याने हॅल ममी या प्रशिक्षकासोबत रुजवली. पण २००९च्या शेवटी टेक्सस टेक विद्यापीठाने त्याला काढलं. डोक्याला मार लागलेल्या एका खेळाडूला सरावाच्या वेळी अंधाऱ्या जागेत उभं केलं, असा आरोप होता. त्याने तो शेवटपर्यंत नाकारला, आणि खरं-खोटं मी करत नाही. माझा मुद्दा एवढाच, की त्याच्या गमतीजमतींवर फिदा असलेल्या लाखो लोकांना आतलं काहीच दिसत नव्हतं. हसरा चेहरा हे चांगल्या वागणुकीचं प्रमाणपत्र नव्हे.

चाहता : आणि गंभीर चेहरा तरी कुठे प्रमाणपत्र असतो? पोरांना छळणाऱ्यांत न हसणारेही कमी नाहीत. पण तुम्ही लीचचं उदाहरण दिलंत त्यातच माझ्या कामाची एक गोष्ट आहे. जो कधी त्या पातळीवर खेळला नाही, ज्याला चाच्यांचं वेड, त्यालाच असं सुचलं की सगळे जिथे धावत जातात तिथे आपण फेकत जाऊ. मला हा योगायोग वाटत नाही. ज्याला प्रत्येक गोष्टीची उलटी बाजू दिसते त्यालाच विनोद सुचतो, आणि खेळाची नवी चालही.

साशंक : मग विदर्भाकडे या. १९५७-५८पासून आपण रणजी खेळतोय. साठ वर्षं भरली तरी करंडक नव्हता. तो आला १ जानेवारी २०१८ला, इंदूरला दिल्लीला हरवून. रजनीश गुरबाणीची हॅटट्रिक त्याच सामन्यातली. पुढच्या वर्षी सौराष्ट्राला हरवून पुन्हा. प्रशिक्षक कोण? चंद्रकांत पंडित, आचरेकरांचा चेला, शिस्तीसाठी प्रसिद्ध. पुढे २०२१-२२मध्ये मध्य प्रदेशालाही पहिला करंडक त्यानेच मिळवून दिला. किस्से नाहीत, वेळापत्रक. त्याच्या जोडीला जाफरसारखा मुरलेला फलंदाज, फैज फजलसारखा घरचा कर्णधार आणि जामठ्याच्या मैदानामागे उभी असलेली संघटना. दुसरं टोक अमरावतीच्या जितेश शर्माचं. त्याला सांगण्यासारखा गुरूच नव्हता, व्हिडिओ पाहून शिकला, आणि भारताकडून खेळला. एकाला शिस्तीने पोचवलं, दुसऱ्याला मोबाइलने. तुमचा हसरा गुरू या नकाशात कुठे बसतो?

चाहता : आपल्याच जिल्ह्यात बसतो. अक्षय कर्णेवार. लहानपणी उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा, पण चेंडू फेकायचा डाव्याने. इथल्या प्रशिक्षकाच्या नजरेत ते आलं आणि त्यांनी डाव्या हाताने गोलंदाजी करून पाहायला सांगितलं. पोरगा दोन्ही हातांचा गोलंदाज झाला. २०१७मध्ये चेन्नईत ऑस्ट्रेलियाविरुद्ध अध्यक्षीय संघाकडून खेळताना दोन्ही हातांनी टाकत होता. २०२१च्या मुश्ताक अली स्पर्धेत मणिपूरविरुद्ध त्याची गोलंदाजी चार षटकं, चारही निर्धाव, शून्य धावा, दोन बळी. टी-ट्वेंटीत चार निर्धाव षटकं पुरुषांत त्याआधी कोणी टाकली नव्हती. आता विचार करा, कडक वेळापत्रकाचा प्रशिक्षक काय म्हणाला असता? चांगला ऑफस्पिनर आहेस, तोच नीट हो. ‘दुसऱ्या हाताने टाकून बघ बरं’ हे म्हणायला थोडा खेळकरपणा लागतो. समोरचा पोरगा आत्ता जो आहे त्याहून वेगळाही असू शकतो, ही कल्पना आधी मनात यावी लागते. आणि पंडितांनी नागपूरला आणलं ते नुसतं वेळापत्रक नव्हतं. मुंबईचा खडूसपणा आणला, विकेट फुकट द्यायची नाही हा माज आणला. तो माज मुंबईत एका पिढीने दुसऱ्या पिढीला कसा दिला? परिपत्रकं काढून? क्लबच्या तंबूत बसून, एकमेकांची टर उडवत, जुने किस्से रंगवून. वासू त्या परंपरेतले मोठे कथेकरी. किश्शांतून मापदंड पुढे जातात सर.

साशंक : इथे तुम्ही मला हलवलंत. मापदंड किश्शांतून जातात, हे खरं असावं. साठ वर्षं आपण एकमेकांना शर्थीने हरल्याचेच किस्से सांगितले, म्हणून तसेच हरलो. २०२५मध्ये तिसरा करंडक आला तेव्हा प्रशिक्षक उस्मान घनी, घरचा माणूस. म्हणजे आपल्याकडेही आता सांगण्यासारखं काही साठतंय. पण म्हणूनच माझा प्रश्न जागेवर येतो. तुम्ही वासूंची स्तुती करता, मला त्यांच्यामागे मैदान दिसतं. लोकलने दहा मिनिटांवर क्लब, रोज संध्याकाळी तीच माणसं, सामना संपल्यावर तासभर रेंगाळण्याची सोय. ज्याच्यासोबत वर्षानुवर्षं बसलोय त्याची चेष्टा गोड लागते. आमचा पोरगा पहाटे एसटी धरतो, दीडशे किलोमीटरवर नागपूर, चाचणीत दोन षटकं टाकतो आणि परतीची गाडी पकडतो. निवडणारा त्याला आयुष्यात पहिल्यांदा बघतो. एवढ्या वेळात ओळख होत नाही, विनोद कुठून होणार? झालाच तर त्या बिनबुटांच्या पोरावर झाला तसाच. आणि मुलींचं काय? त्या तंबूतली सगळी भाषा पुरुषांची होती. माझ्या शाळेतली मुलगी तिथे बसली असती का?

चाहता : बसली नसती, आणि याचं उत्तर माझ्याजवळ नाही. पण वेळेचं म्हणाल तर वासू इंदूरला गेले, बंगळूरच्या राष्ट्रीय अकादमीत गेले, माटुंगा सोबत नेता येत नव्हतं तरी माणूस तोच राहिला. आणि खरं सांगू का, चिडू नका : ज्याच्याजवळ वेळ आहे असा माणूस या संवादात आहे. नागपूरचा निवड समितीवाला पोराला दहा मिनिटं बघतो. तुम्ही त्याला पाचवीपासून दहावीपर्यंत रोज बघता. आधी कसा धावायचा, कोणत्या हाताने फेकतो, घरी काय चाललंय, सगळं तुम्हाला ठाऊक. मुंबईच्या क्लबात जी सलगी व्हायला वर्षं लागली ती तुम्हाला नोकरीतच मिळाली आहे. मग तुमच्या तासाला हसू का ऐकू येत नाही?

साशंक : कारण मी घाबरतो. एका तासाला साठ मुलं, एक मैदान, वर क्रीडागुणांचे फॉर्म, आणि ‘सर, माझ्या मुलाला राज्य पातळीवर पाठवा, दहावीत गुण मिळतात’ म्हणणारे पालक. त्यात त्या मुलाला ठेवलेलं नाव मी ऐकलं, आणि तेव्हापासून ठरवलं की कोणाला नाव ठेवायचं नाही, कोणाची टर उडवायची नाही. सरळ सूचना, शिट्टी, हजेरी. मला वाटायचं, ही आचरेकरांची वाट आहे. पण तुमच्याशी बोलताना लक्षात येतंय की तशी ती नाही. त्यांचं मौन ऐकणारा मुलगा २९ वर्षं त्या दोन शब्दांची वाट पाहत होता. स्कूटरवर मागे बसवून ते त्याला एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर न्यायचे, त्यांच्या गप्प राहण्यातही त्याच्याकडे लक्ष होतं. माझं गप्प राहणं सुरक्षित आहे. त्याची कोणी वाट पाहत नाही.

चाहता : मग विनोद करण्याचा धोका आणि न करण्याचा धोका, दोन्ही पोरांच्याच अंगावर पडतात. मी इतका वेळ फक्त दुसरा पाहत होतो.

साशंक : आणि मी फक्त पहिला. तरी आपण एकमतावर आलो असं म्हणू नका. तुमची कसोटी मला अजून अपुरी वाटते. मुलगा उलट बोलू शकतो का, हे प्रशिक्षकाला कळत नाही, कारण न बोलणारा मुलगाही हसतो. तो खरंच मोकळा होता की नाही, हे वीस वर्षांनी तोच सांगू शकतो. आणि तेव्हा आपण फक्त यशस्वी झालेल्याला गाठतो. मला संघात न आलेल्यांची साक्ष हवी. दादर युनियनच्या बाकावर वर्षभर बसून बँकेत नोकरीला लागलेला एखादा, आणि पोडावरचा तो मुलगाही.

चाहता : ती साक्ष वासूंच्या बाजूने निघाली तर तुम्ही तुमच्या तासाला हसाल?

साशंक : हसेन. आणि विरुद्ध निघाली तर तुम्ही किस्से सांगायचं थांबाल?

चाहता : थांबणार नाही. पण किस्सा संपला की त्या मुलाचंही नाव घ्यावं लागेल, आणि मग ऐकणारे किती हसतील, मला सांगता येत नाही.